प्रतिमा काचेवर नसते: वर्गात आणि मैदानात करायचे आरशांचे प्रयोग

आठवी-नववीच्या विज्ञानात प्रकाशाचं परावर्तन आहे. मुलं नियम घडाघडा म्हणतात, किरणाकृतीही नीट काढतात. पण भिंतीवरच्या आरशाकडे बोट करून विचारा, "तुझा चेहरा दिसतोय तो नेमका कुठं आहे?" उत्तर येतं, "हितंच की सर, काचेवर." हे उत्तर डोक्यात पक्कं आहे तोवर 'आभासी प्रतिमा' हा शब्द नुसता पाठ होतो. म्हणून मी पुस्तकातला क्रम बदलतो. आधी प्रतिमेची जागा मुलांनी स्वतः शोधायची आणि मोजायची, कोन आणि स्तंभिका (आरशाला काटकोनात काढलेली रेघ) त्यानंतर. खालचे प्रयोग त्याच क्रमाने दिले आहेत. सगळे एका दिवसात उरकू नका, चार-पाच तासिकांत पसरा.

एक अट मात्र प्रत्येक प्रयोगाला लागू आहे. हात लावण्याआधी अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज मुलं नंतर गुपचूप खोडतात.

सामान कुठून आणायचं

प्रयोगशाळेतल्या पेटीवर अडून बसू नका. सांगलीत गणपती पेठेच्या आसपास काय किंवा तासगाव, विटा, कराड, वाईच्या बाजारात काय, फोटो फ्रेम करणारा आणि काच कापून देणारा सापडतोच. कापून उरलेल्या आरशाच्या पट्ट्या त्याच्या दुकानात पडलेल्या असतात आणि शाळेसाठी म्हटलं की स्वस्तात मिळतात. प्रत्येक गटाला १० बाय १५ सेंमीचे दोन आरसे आणि १५ बाय ३ सेंमीच्या तीन एकसारख्या पट्ट्या लागतील. साधी, फ्रेमला लावतात ती पातळ काचही एक-दोन तुकडे घ्या, साधारण २० बाय २५ सेंमी. कडा तिथंच घासून मागा. घासून मिळाल्या नाहीत तर पाण्याचा पॉलिशपेपर ओला करून स्वतः घासा आणि वर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळा. हे काम आदल्या दिवशी मोठ्यांनी करायचं, वर्गात नाही. आरशाच्या पाठीवरही चिकटपट्टीची एक फुली मारून ठेवा, म्हणजे आरसा पडून फुटला तरी तुकडे विखुरत नाहीत.

प्लॅस्टिकचे आरसे टाळा. ते जरा वाकतात आणि मोजमापाची वाट लागते. लहान मुलांना खेळायला ते चालतील.

पाण्यात जळणारी मेणबत्ती

याला पूर्ण तासिका द्या. आरशाऐवजी साधी पारदर्शक काच घ्यायची, कारण तिच्यातून पलीकडचंही दिसतं आणि तिच्यात अलीकडच्या वस्तूची प्रतिमाही दिसते. त्यामुळे प्रतिमा जिथे आहे तिथे खरोखरची वस्तू नेऊन ठेवता येते.

१. टेबलावर पांढरा कागद चिकटवून मधोमध एक रेघ मारा. काच या रेघेवर अगदी काटकोनात उभी करा. दोन्ही टोकांना शाडूच्या मातीचे गोळे लावले की ती हलत नाही. गुण्या लावून सरळ आहे का पाहा, कारण काच कलली की प्रतिमा वर किंवा खाली सरकते.

२. एकसारख्या उंचीच्या दोन मेणबत्त्या घ्या. एक काचेच्या पुढे २० सेंमीवर ठेवून पेटवा. दुसरी न पेटवता काचेच्या मागे ठेवा. खिडक्या झाका, मागच्या बाजूला काळं कापड धरा. मागची बाजू जितकी अंधारी तितकी प्रतिमा ठळक.

३. पुढून पाहत मागची मेणबत्ती सरकवा. एका जागी ती पेटल्यासारखी दिसेल.

४. इथे घाई करू नका. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. ज्योत वातीवरून घसरत असेल तर जागा अजून चुकते आहे. कुठूनही पाहिलं तरी ज्योत वातीलाच चिकटून राहिली, तर ती जागा खरी. तिथे खूण करा.

५. दोन्ही अंतरं रेघेपासून मोजा. पुढची मेणबत्ती १०, १५, २५ सेंमीवर ठेवून पुन्हा करा आणि तक्ता भरा.

दोन्ही अंतरं सारखी येतात, अर्ध्या सेंमीचा फरक सोडून द्या. यानंतर मागच्या मेणबत्तीच्या जागी पाण्याने भरलेला काचेचा ग्लास ठेवा. आता मेणबत्ती पाण्यात जळताना दिसते. एखाद्याला काचेमागे हात घालून 'ज्योतीत' बोट धरायला सांगा आणि बाकीच्यांना पुढून बघू द्या. बोट भाजत नाही, कारण तिथे ज्योतही नाही आणि किरणही नाहीत, किरण तिथून आल्यासारखे फक्त वाटतात. 'आभासी' हा शब्द फळ्यावर लिहायचा तो या क्षणी.

कुणीतरी डोळस मुलगी "ज्योती दोन दिसतायत" म्हणेल. बरोबर आहे. काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्हीकडून परावर्तन होतं. काच जाड असेल तर हे चटकन जाणवतं, म्हणून पातळ काच घ्यायची. मोकळे केस आणि ओढण्या आधी बांधून घ्या, आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या.

चेहऱ्याची बाह्यरेषा

आता साधा आरसा. अंदाज लिहायचा प्रश्न असा: आरशावर तुमच्या चेहऱ्याची प्रतिमा किती उंच दिसेल, आणि मागे सरकलात तर ती वाढेल की कमी होईल?

एक डोळा मिटा. व्हाइटबोर्डच्या मार्करने किंवा ओल्या साबणाच्या वडीने आरशावर हनुवटीची आणि डोक्याच्या टोकाची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा, मग चेहरा मोजा. खुणांमधलं अंतर चेहऱ्याच्या निम्मं भरतं. दोन पावलं मागे जा, पुन्हा खुणा करा. तरीही निम्मंच.

मेणबत्तीचा प्रयोग झालेला असेल तर कारण मुलंच सांगतात: प्रतिमा आपल्याइतकीच लांब मागे आहे, म्हणजे आरसा डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर आला. मध्यावरच्या खिडकीतून पूर्ण चेहरा बघायला निम्मी खिडकी पुरते. यावरूनच गणित द्या. १५० सेंमी उंचीच्या मुलीचे डोळे जमिनीपासून १४० सेंमीवर आहेत. डोक्यापासून पायापर्यंत दिसायला किती उंच आरसा हवा, आणि तो कुठे टांगायचा? उत्तर ७५ सेंमी, खालची कड ७० सेंमीवर आणि वरची १४५ सेंमीवर. आरसा उरलेला झाकून हे खरोखर करून पाहा. शाळेत मोठा आरसा नसेल तर घरच्या कपाटाचा चालतो.

टाचण्यांनी नियम तपासणं

हा पुस्तकातलाच प्रयोग आहे, म्हणून फक्त जिथे बिघडतो ते सांगतो. थर्माकोलवर कागद, कागदावर आरशाची रेघ, रेघेला स्तंभिका, तिच्याशी ३० अंशांचा आपाती, म्हणजे आरशाकडे येणारा किरण. या किरणावर दोन टाचण्या, एकमेकींपासून निदान ५ सेंमी लांब. समोरून पाहत त्यांच्या प्रतिमांच्या रेषेत आणखी दोन टाचण्या.

आरशाचा चकचकीत थर काचेच्या पाठीमागे असतो, त्यामुळे रेघेवर आरशाची मागची कड बसवायची, पुढची नाही. रेषेत आणताना टाचण्यांचे माथे बघू नका, बुडं बघा. टाचणी तिरकी बसली तर माथे खोटं बोलतात. आणि कोन स्तंभिकेपासून मोजायचा. ३० अंशांऐवजी ६० लिहून आणणारी मुलं आरशापासून मोजत असतात.

नियमाप्रमाणे येणाऱ्या आणि परतणाऱ्या किरणांचे कोन सारखे हवेत, तरी आपतन कोन ४५ असताना परावर्तन कोन ४४ किंवा ४६ आला तर तोच लिहायचा. वही तपासताना सगळीकडे ४५ अंश ४५ अंश दिसलं तर मला शंका येते.

टाचण्यांचा कंटाळा आलेल्या वर्गाला सकाळच्या कोवळ्या उन्हात न्या. कंगवा कागदावर उभा धरला की दातांमधून उन्हाच्या पट्ट्या पडतात. त्यांच्या वाटेत आरसा ठेवा आणि हळूहळू फिरवा. आरसा १० अंश फिरवला की परावर्तित पट्ट्या २० अंश वळतात. हे कागदावर आखून दाखवता येतं.

आरसा डावं-उजवं करतो का?

यावर शिक्षकांच्या खोलीतही वाद होतात. करतो म्हणावं तर वर-खाली का करत नाही?

उत्तरेच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहा. पूर्वेकडे बोट दाखवा. प्रतिमाही पूर्वेकडेच दाखवते. छताकडे दाखवा, तीही छताकडे. आता आरशाकडे, म्हणजे उत्तरेकडे बोट दाखवा. प्रतिमा दक्षिणेकडे, तुमच्याकडे दाखवते. उलटापालट झाली ती एवढीच, पुढच्या-मागच्या दिशेची. समोरचा 'माणूस' वळून उभा राहिला आहे असं आपण मनात धरतो आणि मग त्याचा डावा-उजवा हात ठरवतो.

पटत नसेल तर पारदर्शक फाइलचं कव्हर घ्या आणि त्यावर मार्करने 'सांगली' लिहा. ते तुम्हाला सरळ वाचता येईल असं धरून आरशासमोर उभे राहा. हातातली अक्षरं सरळ आणि आरशातलीही सरळ! आता तेच कागदावर लिहा. आरशाला दाखवायचं म्हणून तुम्ही कागद फिरवला, आणि डावं-उजवं तुमच्या हातांनी झालं. तोच कागद वर-खाली फिरवून दाखवलात तर आरशात अक्षरं उलटी टांगलेली दिसतील. मुलांना हे दोनदा-तीनदा करू द्या. पहिल्यांदा फक्त हसू येतं, दुसऱ्यांदा विचार सुरू होतो.

रुग्णवाहिकेच्या पुढे उलटी अक्षरं का असतात हा प्रश्न मग घरी द्या. जोडीला आणखी एक खेळ: देवनागरीत आरशात तसंच दिसणारं काय काय आहे? 'ठ' आहे, शून्य आहे, ४ सुद्धा हाताने नीट काढला तर आहे. त्यामुळे ४०४ हा आकडा आरशात ४०४च राहतो. बाकीचा शोध मुलांनी घ्यावा.

दोन आरसे, अनेक प्रतिमा

दोन आरसे पाठीमागून चिकटपट्टीने जोडा, पुस्तकासारखे उघडमीट करतील असे. कोनमापक कागदावर काढून त्यावर उभे करा आणि बरोबर मध्यावर पाच रुपयांचं नाणं ठेवा. कोन ९० असताना तीन प्रतिमा दिसतात, ७२ ला चार, ६० ला पाच, ४५ ला सात, ३० ला अकरा. सूत्र सांगू नका, तक्ता समोर ठेवा. ३६०ला कोनाने भागून एक वजा करायचा हे कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतंच. नाणं मध्यावरून हललं तर ७२ किंवा १२० अंशांना एक प्रतिमा जास्त मोजली जाते, म्हणून मध्याचा आग्रह.

९० अंशांत ठेवून मधल्या सांध्याकडे पाहत उजवा डोळा मिचकावा. साध्या आरशात समोरच्या चेहऱ्याचा तुमच्या उजव्या हाताकडचा डोळा मिचकतो, इथे डाव्या हाताकडचा मिचकतो. हा चेहरा जग तुम्हाला बघतं तसा आहे. या आरशात भांग पाडायला जा, हात चुकत राहतो.

रांगोळीची एकच पाकळी कागदावर काढून ती ६० अंशांच्या आरशांत ठेवली की सहा पाकळ्यांचं फूल होतं. मुली यात तासभर रमतात, मुलंही, फक्त कबूल करत नाहीत. शेवटी दोन्ही आरसे समोरासमोर समांतर धरा आणि वरच्या कडेवरून डोकवा. प्रतिमांची रांग लागते आणि मागच्या मागच्या प्रतिमा हिरवट, अंधुक होत जातात. काचेत लोहाचा अंश असतो, आणि प्रत्येक फेरीत प्रकाश काचेतून जाताना थोडा शोषला जातो. न्हाव्याच्या दुकानातल्या समोरासमोरच्या आरशांत हे आयतं दिसतं.

शोभादर्शक (कॅलिडोस्कोप) इथेच उरकून घ्या. तीन पट्ट्या चकचकीत बाजू आत ठेवून त्रिकोणात बांधायच्या, एका टोकाला ट्रेसिंग पेपर आणि त्यात रंगीत मणी. बांगड्यांच्या काचा नकोत, मण्यांनी काम भागतं. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हे खेळणं १८१६ मध्ये शोधलं, तेही प्रकाशावरच्या प्रयोगांतून. परिदर्शीला (पेरिस्कोपला) लांबट खोका आणि ४५ अंशांत एकमेकांना समांतर बसवलेले दोन आरसे एवढंच लागतं. कोन कापताना चुकू नये म्हणून चौरस कागदाची कर्णावर घडी घालून तो साचा वापरा. कुंडलच्या मैदानात गर्दीच्या मागे उभं राहून कुस्ती कशी बघायची, असं विचारून हा प्रयोग सुरू केला तर प्रस्तावना लागत नाही.

डाव, दाढीचा आरसा आणि घाटातला आरसा

घरून चकचकीत स्टीलचा डाव आणायला सांगा. आतल्या बाजूत चेहरा उलटा, बाहेरच्या बाजूत सुलटा पण बारका. आतल्या बाजूला बोट अगदी टेकवत आणा, तेवढ्यापुरतं ते सुलटं आणि मोठं होतं. इतकं दाखवून डाव बाजूला ठेवा. त्याचा आकार नीट गोलीय नसतो, मोजमाप त्यावर होत नाही.

मोजायला दाढीचा आरसा किंवा प्रयोगशाळेतला अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट आरसा घ्या. खिडकीपासून लांब, अंधाऱ्या भिंतीजवळ उभे राहून आरसा खिडकीकडे करा आणि त्याच्यापुढे पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद पुढे-मागे सरकवा. एका जागी बाहेरचं झाड कागदावर उमटतं, रंगांसकट आणि उलटं. लांबच्या वस्तूसाठी आरसा ते कागद हे अंतर म्हणजे नाभीय अंतर. पण गणितापेक्षा इथे मोठी गोष्ट अशी की ही प्रतिमा कागदावर धरता आली. मेणबत्तीची प्रतिमा ज्या जागी होती तिथे कागद ठेवला असता तर काहीच उमटलं नसतं. वास्तव आणि आभासी यातला फरक व्याख्येने जो कळत नाही तो या कागदाने कळतो.

दाढीच्या आरशाचं नाभीय अंतर बरंच जास्त असतं, म्हणून पुढच्या मोजणीला २० सेंमी नाभीय अंतराचा प्रयोगशाळेतला आरसा बरा. मेणबत्ती ४० सेंमीवर ठेवली तर प्रतिमाही ४० वर आणि तेवढीच. ३० सेंमीवर आणली तर प्रतिमा ६० वर, दुप्पट. २५ वर आणली तर एक मीटरवर, चौपट. २० च्या आत आणली की कागदावर काही मिळत नाही, आरशात डोकवावं लागतं, तिथे मोठी सुलटी ज्योत दिसते. दाढी करताना आपण याच टापूत असतो.

हा आरसा उन्हात उघडा टाकू नका. नाभीपाशी, म्हणजे ऊन एकवटतं त्या जागी, कागद पेटतो, आणि खिडकीत विसरलेला आरसा आग लावू शकतो. वापर झाला की कापडात गुंडाळायचा.

बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर आरशासाठी दुचाकीचा आरसा पुरतो. त्याच्या शेजारी तेवढाच सपाट आरसा धरा आणि एकाच जागेवरून दोन्हींत मागच्या बाकांवरची किती मुलं दिसतात ते मोजा. बहिर्वक्रात जास्त दिसतात, पण बारकी. बारकी म्हणून लांब वाटतात. यवतेश्वरच्या घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर असा आरसा दिसला, तर त्यातली गाडी वाटते त्यापेक्षा जवळ आलेली असते.

भिंतीवर सूर्य

शेवटी मैदानात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. लहान आरसा कागदाने झाका, कागदाला मधोमध ५ मिमीचं भोक ठेवा. वाटीत ओली माती घेऊन आरसा तिच्यात बसवा, म्हणजे हवा तसा कलवता येतो. कवडसा २० मीटर लांबच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा, शक्य असेल तर अंधाऱ्या वर्गात दारातून. जवळच्या भिंतीवर कवडसा भोकाच्या आकाराचा पडतो. भोक चौकोनी केलं, त्रिकोणी केलं, तरी लांबच्या भिंतीवर तो गोलच. हा गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा.

त्याचा व्यास मोजा. कवडसा लांबट पडला असेल तर सगळ्यात कमी रुंदी घ्या. २० मीटरवर तो साधारण साडेअठरा सेंमी भरतो. अंतराला व्यासाने भागलं की १०८च्या जवळपास आकडा येतो. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्याला १०८ने भागा: सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर. सूर्याचा व्यास हाच. कडा अंधुक असल्याने १०० ते ११५च्या मध्ये कुठलाही आकडा आला तरी शाबासकी द्या.

कवडशाभोवती खडूने गोल मारून दोन मिनिटं थांबा. तो आपल्या व्यासाएवढा सरकलेला असतो. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, हिशोब मुलांकडून करून घ्या.

आरशात सूर्याकडे बघायचं नाही, कवडसा कुणाच्या डोळ्यांवर किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवर मारायचा नाही. हे सांगून भागत नाही, आरशापाशी एक मोठा माणूस उभा हवा.

याच मांडणीने ग्रहणही दाखवता येतं. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास दिसणार आहे. ऑगस्टातलं आभाळ बेभरवशाचं, तरी जत, आटपाडी, माणकडच्या शाळांना पाऊस कमी असल्याने आशा जास्त. त्या वेळी सूर्य पश्चिमेला असेल, म्हणून पूर्वेकडे तोंड असलेली, दुपारनंतर सावलीत जाणारी भिंत निवडा आणि आरसा तिच्या पूर्वेला २० मीटरवर पश्चिमेकडे तोंड करून बसवा. इमारत दुमजली असेल तर तिची सावली पाचच्या सुमारास आरशापर्यंत पोचते का, हे आधीच्याच एखाद्या उन्हाच्या दिवशी बघून घ्या.